समुद्र हो म्हणेपर्यंत

‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण मी रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका शाळेत तीस वर्षं मुलांना वाक्यात उपयोग करून दाखवली. पण तिचा स्वतःच्या अंगावर उपयोग करायची वेळ अठ्ठावन्नाव्या वर्षी, सेवानिवृत्तीनंतर आली, आणि तीही आयर्लंडात. २०१२ चा जून महिना होता. लेक नोकरीनिमित्त कॉर्क शहरात राहते. ती सकाळी आठला बाहेर पडायची ती संध्याकाळी सहाला उगवायची. आठवडाभर मी खिडकीतून शेजाऱ्यांची मांजरं मोजली. आठव्या दिवशी लेकीनं माळ्यावरून आपली कॉलेजच्या काळातली सॅक काढली, माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, “आई, भूगोल शिकवत होतीस ना? मग जा, बघून ये.”

सॅकमध्ये काय भरलं ते सांगितलं तर वाचक हसतील. दोन सलवार-कमीज, स्वेटर, रेनकोट, औषधांची पिशवी, आणि बाकी सगळं खाणं: भडंग, मेतकूट, बेसन, फोडणीचा छोटा डबा. महाराष्ट्रीय माणूस देश बदलील, पण मोहरीवाचून घराबाहेर पडायचा नाही.

कॉर्कहून ट्रली आणि ट्रलीहून डिंगल, इथवर बस सरळ नेते. त्यापुढं केरी परगण्याचं जे पश्चिमेचं टोक अटलांटिकमध्ये घुसलं आहे, त्याच्या शेंड्यावर डनक्विन नावाचं गाव आहे, तिथं मला जायचं होतं. पण तिकडची बस रोज नव्हती, आणि त्या दिवशी तर नव्हतीच. डिंगलच्या थांब्यावर माझ्यासारखाच गोंधळलेला एक गृहस्थ आपल्या सॅकवर बसून नकाशा उलटासुलटा करत होता. साठीचा, धिप्पाड, डोक्यावर बेसबॉलची टोपी. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात स्प्रिंगफील्ड नावाचं शहर आहे, तिथला हा निवृत्त बसचालक. “आयुष्यभर बस चालवली आणि इथं मलाच बस मिळेना,” असं म्हणून तो स्वतःच हसला. आम्ही दोघांनी मिळून टॅक्सी केली.

तो रस्ता मी विसरणार नाही. एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला सरळ खाली समुद्र, आणि मध्ये एकच गाडी जाईल एवढी वाट. समोरून दुसरी गाडी आली की एकीनं मागं सरकायचं. कुंपणांवर फ्युशियाची लाल झुंबरं लोंबत होती. वाटेत मधमाश्यांच्या पोळ्याच्या आकाराच्या, चुना न लावता नुसते दगड रचून केलेल्या पुरातन झोपड्या दिसल्या. माझ्या नकाशावर ‘डनक्विन’ होतं, पण पाटीवर इंग्रजी अक्षरच नाही. हा मुलूख ‘गेल्टाक्ट’, म्हणजे आयरिश भाषा घराघरात बोलली जाते अशा प्रदेशांपैकी एक. इथल्या रस्त्यांवरच्या पाट्या फक्त आयरिशमध्ये. ‘दून खीन’ असं काहीसं त्या नावाचं खरं रूप कानावर पडतं.

गाव म्हणून डोळ्यांपुढं जे चित्र येतं, बाजारपेठ, चावडी, देऊळ, तसं तिथं काही नाही. उतारावर विखुरलेली पांढरी घरं, दगडी बांधांची शेतं, मेंढ्या, एक चर्च, एक शाळा, एक दारूचा गुत्ता. आणि समोर समुद्रात बेटं. त्यांतलं एक बेट हुबेहूब उताण्या झोपलेल्या माणसासारखं आहे: कपाळ, नाक, छातीवर जोडलेले हात, पोट. गावकरी त्याला ‘मेलेला माणूस’ म्हणतात. आणि सर्वांत मोठं ते ग्रेट ब्लास्केट. सुमारे सहा किलोमीटर लांब, जेमतेम एक रुंद, हिरव्या पाठीच्या देवमाशासारखं. टॅक्सी वळणावर आली आणि ते दिसलं, तेव्हा स्प्रिंगफील्डवाल्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. त्यापुढं होस्टेल येईपर्यंत तो बोलला नाही.

होस्टेल म्हणजे आपल्याकडच्या धर्मशाळेची शिस्तशीर मावसबहीण. एकावर एक खाटा, सामाईक स्वयंपाकघर, आपलं ताट आपण धुवायचं. कपाटात एक फळी अशी की जाणाऱ्यानं उरलेलं तिथं ठेवावं आणि येणाऱ्यानं खुशाल घ्यावं. आमच्याआधी तिथं तिघं होती. दोन जर्मन विद्यार्थिनी ‘डिंगल वे’ नावाची पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपासची पायवाट चालत आल्या होत्या आणि पायांच्या फोडांना चिकटपट्ट्या लावत बसल्या होत्या. तिसरा एक ऑस्ट्रेलियन पोरगा, वर्षभर जग हिंडायला निघालेला. सहा महिन्यांत सतरा देश, हा त्याचा हिशेब. माझं नाव तिघांनाही उच्चारता येईना, म्हणून मी त्यांना ‘ताई’ म्हणायला शिकवलं. पोरींनी ते चटकन उचललं. ऑस्ट्रेलियनाच्या तोंडी मी शेवटपर्यंत ‘टाई’च राहिले.

पहिल्या रात्री मी सर्वांसाठी बटाट्याची भाजी करायला घेतली. मोहरी तडतडली, मिरचीचा खकाणा उठला आणि छतावरून असा काही भोंगा वाजू लागला की मला वाटलं, आता बंब येणार! धुराची सूचना देणारं यंत्र होतं ते. होस्टेलच्या बाई, सत्तरीच्या, पांढरे आखूड केस, धावत आल्या. एका खुर्चीवर चढून त्यांनी टॉवेलनं त्या यंत्राला वारा घातला आणि खाली उतरून कढईत डोकावल्या. “बटाटाच ना?” त्या म्हणाल्या. “मग ठीक आहे. बटाट्यासाठी आमच्याकडे काहीही माफ.”

या देशात हे वाक्य हसण्यावारी न्यायचं नसतं. १८४५ साली बटाट्याच्या पिकावर करपा पडला आणि पुढं काही वर्षं पडतच राहिला. गोरगरिबांचं पोट त्या एका कंदावर होतं. दहा लाखांच्या आसपास माणसं भुकेनं आणि तापानं गेली, आणि दहा लाखांहून अधिक देश सोडून गेली. एकदा पडलेली ती परदेशाची वाट पुन्हा बुजली नाही.

जेवताना स्प्रिंगफील्डवाल्यानं आपण का आलो ते सांगितलं. त्याची आजी ब्लास्केट बेटावरची. ऐन विशीत, १९२० नंतरच्या कुठल्याशा वर्षी ती अमेरिकेला गेली. त्या काळी बेटावरून निघालेली माणसं बहुतेक स्प्रिंगफील्डलाच जात. एक गेला की तो दुसऱ्याच्या तिकिटाचे पैसे पाठवी, दुसरा तिसऱ्याच्या. कोकणातल्या वाड्यांतून गिरणगावातल्या एकाच चाळीच्या एकाच खोलीत माणसं जाऊन पडत, तोच प्रकार. निघण्याच्या आदल्या रात्री घरात जागर होई. गाणी, नाच, खाणंपिणं आणि शेवटी रडारड. त्याला नाव होतं ‘अमेरिकन वेक’. वेक म्हणजे मृताच्या उशाशी रात्र जागवणं. जिवंत पोरीसाठी ती रात्र जागवत, कारण परत येणार नाही हे ती पोरगी सोडून सर्वांना ठाऊक असे. बहुधा तिलाही.

त्याच्या खिशात प्लास्टिकच्या पाकिटात आजीनं जपलेलं एक जुनं छायाचित्र होतं. ठेंगणं दगडी घर, दाराच्या डाव्या अंगाला खिडकी, उंबऱ्याशी मोठ्ठा सपाट दगड आणि त्यावर उभी एक शालवाली बाई. ही आजीची आई. “मला एवढंच करायचंय,” तो म्हणाला, “त्या दगडावर उभं राहायचं.” शनिवारी शॅननहून त्याचं विमान होतं. आज मंगळवार. तीन दिवस हाताशी. बेट समोर दिसतंय. यात अवघड ते काय?

बुधवारी सकाळी आम्ही पाचहीजण धक्क्यावर गेलो. डनक्विनचा धक्का मी छायाचित्रांत पाहिला होता. कड्याच्या पोटातून नागमोडी उतरत जाणारी काँक्रीटची अरुंद वाट, आणि तिच्या टोकाला पाणी. एके काळी बेटावरच्या मेंढ्या होडीतून आणून याच वाटेनं वर हाकत. वरच्या अंगाला इथल्या पारंपरिक होड्या पालथ्या घालून ठेवल्या होत्या. ‘नेव्होग’ म्हणतात तिला. लाकडी पट्ट्यांचा सांगाडा, त्यावर ताणलेलं किंतान, आणि वरून डांबर. तीनचार माणसं ती डोक्यावर पालथी घेऊन चालू लागली की मोठा काळा भुंगाच पायांवर चालतोय असं वाटतं. असल्या कातड्याएवढ्या जाड होडीतून लोक अटलांटिकमध्ये मासेमारी करत. गाई-मेंढ्या नेत, पाद्री आणत, प्रेतं पोचवत. ही सामुद्रधुनी काही साधी नव्हे. १५८८ साली स्पेनच्या आरमारातलं ‘सांता मारिया दे ला रोसा’ हे जहाज इथंच बुडालं.

आता बेटावर प्रवासी नेणारी यंत्राची बोट आहे. तिचा तांडेल (मला तरी त्याच्यासाठी दुसरा शब्द सुचत नाही) वर कठड्याला टेकून पाण्याकडे पाहत उभा होता. होस्टेलच्या बाई आमच्याबरोबर आल्या होत्या. त्यांनी त्याला आयरिशमध्ये काहीतरी विचारलं. त्यानं दोन शब्दांत उत्तर दिलं.

“नाही म्हणाला?” मी विचारलं.

“तसं म्हणता येत नाही,” बाई म्हणाल्या. आणि मग मला त्यांनी एक गंमत सांगितली. त्यांच्या भाषेत ‘हो’ आणि ‘नाही’ हे शब्दच नाहीत. विचारलेलं क्रियापदच उलटून द्यायचं. ‘बोट असेल का?’ तर उत्तर ‘असेल’ किंवा ‘असणार नाही.’ ‘जेवलास का?’ ‘जेवलो.’ मी म्हटलं, “अहो, मग आम्ही कोकणातली माणसं दुसरं काय करतो! आमच्याकडे ‘येतोस का?’ विचारलं तर ‘हो’ कोण म्हणतो? ‘येतो’ म्हणतात.” बाई खूश झाल्या. मग धक्क्यावरच आमची देवाणघेवाण सुरू झाली. देवाला त्या म्हणतात ‘दिया’. कानाला दिवाळीतला दिवा वाटतो, पण त्याचा खरा सख्खा भाऊ आपला ‘देव’. तीनला ‘त्री’. गाईला ‘बो’, म्हणजे संस्कृतातली ‘गो’. युरोपच्या पार पश्चिमेच्या टोकावर, डांबराच्या वासात उभं राहून एक म्हातारी मला ‘त्री’ म्हणते, हे ऐकून अंगावर काटा आला, हे कबूल करते. नातं पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तकातला नातेवाईक असा अचानक समोर उभा राहत नाही.

तांडेलाचं उत्तर मात्र ‘असणार नाही’ हेच होतं. गुरुवारी सकाळी पाऊस होता आणि उत्तर तेच.

त्या पावसात आम्ही ब्लास्केट केंद्रात गेलो. बेटाच्या स्मरणार्थ १९९३ साली गावात उभारलेलं हे संग्रहालय. लांबच लांब मार्गिका आणि तिच्या टोकाला एक काच, त्या काचेत ते बेट. इथं खरी नवलाची गोष्ट कळते. या बेटावर भर वस्तीच्या काळातही पावणेदोनशेच्या आसपास माणसं होती. दुकान नाही, चर्च नाही, डॉक्टर नाही. आणि या मूठभर कोळ्यांनी आयरिश साहित्याला अभिजात ग्रंथ दिले! तोमास ओ क्रिहिन हा कोळी मोठेपणी आपल्या भाषेत लिहायला-वाचायला शिकला, आणि त्याचं आत्मचरित्र १९२९ साली निघालं. मुरिश ओ सुलावान या तरुणाचं पुस्तक १९३३ साली आलं. पेग सेयर्स ही तर बेटावर दिलेली सासुरवाशीण. तिनं आपली कथा मुलाला सांगितली आणि त्यानं ती उतरवली. १९३६ साली ती छापली गेली. भाषा शिकायला बेटावर विद्वान येत. नॉर्वेहून मार्स्ट्रांडर १९०७ साली आला, पुढं लंडनच्या ब्रिटिश म्युझियममधला रॉबिन फ्लॉवर आला. त्यांनी या माणसांना पटवलं की, तुम्ही जे रोज बोलता ते सोनं आहे. असं कोणीतरी सांगावं लागतं.

तिथं एका कपाटात मुरिशच्या पुस्तकाचं इंग्रजी भाषांतर पाहिलं आणि थबकलेच. प्रस्तावनेची टिप्पणी ई. एम. फॉर्स्टरची! हाच तो फॉर्स्टर, जो १९२१ साली देवासच्या मराठा संस्थानिकाचा, तुकोजीराव पवारांचा, खाजगी चिटणीस होता. त्या दिवसांवर त्यानं पुढं पुस्तक लिहिलं ते १९५३ साली प्रसिद्ध झालं. आणि ब्लास्केट बेट रिकामं झालं तेही १९५३ सालीच. योगायोगच. पण आपल्या पवारांचे कागद सांभाळणारा माणूस या कोळ्याच्या पोराची ओळख जगाला करून देतो, याचं मला त्या काचेपुढं उगाच बरं वाटलं.

रात्री गुत्त्यात बसलो. (मी नारिंगाचा रस घेतला, हे कॉर्कमधल्या लेकीच्या माहितीसाठी.) भिंतींवर सिनेमाची छायाचित्रं होती. डेव्हिड लीननं १९६९ साली ‘रायन्स डॉटर’चं चित्रण याच परिसरात केलं, एक आख्खं खोटं गाव उभारून. ते खोटं गाव पुढं पाडून टाकलं. शेजारच्या बाकावर डब्लिनचं एक जोडपं होतं. पेगचं नाव काढताच नवऱ्यानं कपाळावर हात मारला. तिचं पुस्तक आयरिश शाळांतून कित्येक वर्षं सक्तीनं लावलं होतं आणि पिढ्यान्‌पिढ्या मुलांनी त्या म्हातारीला शिव्या घातल्या. मी शिक्षिका; मी गप्प बसले. पाठ्यपुस्तकात घातलं की चांगल्या चांगल्यांची अशीच गत होते.

होस्टेलच्या बाईंनी मात्र शाळेची दुसरी गोष्ट सांगितली. १९७० साली सरकारनं मुलं कमी म्हणून डनक्विनची शाळा बंद केली. मुलांनी दूरच्या शाळेत जावं असा हुकूम झाला. गावानं मानला नाही. शाळा गावकऱ्यांनी आपली आपण चालवली. मोर्चे काढले, पोलिसांचा मार खाल्ला, आणि १९७३ साली सरकार बदललं तेव्हा ती पुन्हा रीतसर उघडली. “शाळा गेली की भाषा जाते,” बाई म्हणाल्या, “आणि समोर बघतच होतो ना आम्ही, शाळा गेल्यावर काय होतं ते.” बेटावरची शाळा १९४१ साली बंद झाली होती. बारा वर्षांनी बेटच बंद झालं.

शुक्रवारी लख्ख ऊन पडलं. समुद्र निळाशार, वारा पडलेला. स्प्रिंगफील्डवाला दाढी करून, स्वच्छ सदरा घालून धक्क्यावर सर्वांच्या आधी हजर. आणि तांडेलाचं उत्तर: “असणार नाही.”

ऑस्ट्रेलियन पोरगा उसळला. “अहो, पाणी बघा तरी! तळं आहे तळं!” तांडेलानं रागावल्याशिवाय बोट दाखवलं. नीट पाहिल्यावर दिसलं, पाण्याचा पृष्ठभाग गुळगुळीत होता खरा, पण आख्खा समुद्रच दीर्घ श्वास घेतल्यासारखा उचलत होता आणि खाली बसत होता. कुठंतरी शेकडो मैलांवर पश्चिमेला वादळ होऊन गेलेलं असतं. त्याच्या लाटा दोन दिवसांनी इथं पोचतात. इथून निघता येईल, पण बेटाच्या लहानशा धक्क्याशी उतरता यायचं नाही. पोरगा धुमसत राहिला. मोबाइलवरचं हवामान त्याला दाखवत राहिला. “दोन किलोमीटर समुद्रासाठी तीन दिवस!” असं तो म्हणाला तेव्हा बाईंनी त्याच्याकडे पाहिलं आणि सावकाश सांगायला लागल्या.

१९४६ च्या नाताळात बेटावर चोवीस वर्षांचा एक तरुण आजारी पडला. डोकं फुटेल असं दुखत होतं. मेंदूज्वर होता तो, पण ते सांगायला डॉक्टर नव्हता. समुद्र खवळलेला. होडी निघेना, डॉक्टर येईना, पाद्री येईना. बिनतारी दूरध्वनी होता, तोही चालेना. जानेवारीत तो गेला, आणि त्याला पुरायला मुख्य भूमीवर न्यायचं तर त्यासाठीही काही दिवस समुद्राची वाट बघावी लागली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये वादळानं कोंडलेल्या बेटकऱ्यांनी पंतप्रधान डी व्हॅलेरांना तार केली की, खायला काही उरलेलं नाही. डी व्हॅलेरा त्या उन्हाळ्यात स्वतः बेटावर जाऊन आले. तरीही सहा वर्षं गेली. १७ नोव्हेंबर १९५३ रोजी सरकारनं लोकांना हलवायला बोट पाठवली. तेव्हा उरले होते अवघे बावीसजण. आणि त्या दिवशीही समुद्रानं नीट उतरू दिलं नाही. काहीजण गेले, बाकीचे मागाहून.

“त्यांना घरं कुठं दिली?” जर्मन पोरीनं विचारलं.

“इथंच, डनक्विनला,” बाई म्हणाल्या. “समोर बेट दिसतं अशी.”

मी काहीच बोलले नाही. आमचं गाव खाडीच्या अलीकडे. डॉक्टर, बाजार, मोटारस्टँड सगळं पलीकडे. मध्ये तर. १९६५ च्या आषाढात माझा धाकटा भाऊ तापानं फणफणला. सहा वर्षांचा होता. खाडीला असा लोंढा होता की तरवाल्यानं होडी वर ओढून ठेवली होती. वडील त्याच्या हातापाया पडले, आणि मी, अकरा वर्षांची, शेजारी कंदील धरून उभी होते. तरवाला रडत होता, पण दोर सोडत नव्हता. तिसऱ्या दिवशी पाणी उतरलं. तोवर घाई उरली नव्हती. कित्येक वर्षं मला तो तरवाला आवडत नसे. शुक्रवारी त्या धक्क्यावर तांडेलाच्या चेहऱ्याकडे पाहताना तो पन्नास वर्षांपूर्वीचा माणूस आठवला. होडीत आणखी चार माणसं होती, आणि त्यांना घरी बायकामुलं होती, हे मी इतक्या वर्षांत कधी लक्षातच घेतलं नव्हतं.

दुपारी डिंगलची टॅक्सी आली. स्प्रिंगफील्डवाल्यानं शेवटचं एकदा समुद्राकडे पाहिलं आणि प्लास्टिकचं ते पाकीट माझ्या हातात दिलं. “तुम्ही राहणार आहात ना ताई? उद्या गेलात तर बघा सापडतंय का. घर सापडलं तर फोटो काढा. छायाचित्र मात्र टपालानं परत पाठवा, एकच प्रत आहे.” मी म्हटलं, “अहो, ओळखदेख नसलेल्या बाईच्या हातात देताय!” तो म्हणाला, “तीन दिवस तुमची भाजी खाल्लीय.”

शनिवारी सकाळी त्याचं विमान उडालं असेल त्याच सुमाराला तांडेल म्हणाला, “असेल.”

पाऊण तासात आम्ही बेटापाशी होतो. मोठ्या बोटीतून रबरी होडीत उतरायचं आणि त्यातून शेवाळलेल्या पायऱ्यांवर उडी. माझी उडी दोन्ही जर्मन पोरींनी झेलली. वर आलं की उतारावर गाव आहे. गाव म्हणजे भिंती. छपरं केव्हाच गेली. घरं डोंगराच्या पोटात पाठ खुपसून बसलेली, वारा चुकवायला. आत चुलीच्या जागी खाजकुयलीसारखी आग करणारी झुडपं आणि उंबऱ्यांवर सशांच्या लेंड्या. खाली पांढरी पुळण आणि पाण्यात आमच्याकडे टकामका पाहणारी सीलची काळी डोकी. वाऱ्याशिवाय आवाज नाही. ऑस्ट्रेलियनसुद्धा हळू बोलत होता.

छायाचित्र हातात धरून आम्ही चौघं घरोघर फिरलो. शिरगणतीला निघालेल्या मास्तरांसारखं वाटत होतं. पोरींनी काम वाटून घेतलं: एक खिडक्या बघणार, एक दगड. दोन तास शोधून दोन घरं उरली. एकाची खिडकी दाराच्या डावीकडे, अगदी बरोबर, पण उंबऱ्याशी दगड नाही. दुसऱ्याला दगड होता, मोठ्ठा, सपाट, मधोमध झिजलेला, पण खिडकी उजवीकडे. ऑस्ट्रेलियन म्हणाला, जुनी छायाचित्रं कधीकधी उलटी छापली जातात. जर्मन पोरगी म्हणाली, शालीची गाठ बघा, उलटं नाही. वाद काही मिटेना. शेवटी मी दोन्ही घरांचे फोटो काढले, आणि दुसऱ्या घराच्या दगडावर, चप्पल बाजूला काढून, क्षणभर उभी राहिले. कोणाच्या वतीनं ते मलाही नक्की सांगता येणार नाही.

कॉर्कला परतल्यावर छायाचित्र रजिस्टर टपालानं रवाना केलं आणि फोटो लेकीकडून ई-मेलनं पाठवले. आठ दिवसांनी उत्तर आलं. त्यानं ते ऐंशी वर्षांच्या आत्याला दाखवले होते. आत्या जन्मली-वाढली स्प्रिंगफील्डलाच, बेट तिनं कधी पाहिलेलं नाही. पण तिनं ठामपणे सांगितलं होतं की, या दोन्हींपैकी एकही नव्हे.

२०१३ च्या जूनमध्ये तो पुन्हा गेला. समुद्रानं त्याला पहिल्याच दिवशी वाट दिली. पावसाळ्यात रत्नागिरीला माझ्याकडे एक जाड पाकीट आलं. त्यात त्या जुन्या छायाचित्राची प्रत होती, मला भेट म्हणून, आणि एक नवा फोटो: तिसरंच घर, उंबऱ्याशी दगड, आणि दगडावर टोपी हातात घेऊन उभा असलेला आमचा स्प्रिंगफील्डवाला, उन्हानं डोळे बारीक करून हसणारा. मी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवून भिंगातून पाहिली. याही घराची खिडकी उजवीकडेच आहे. पण मी त्याला तसं कळवलेलं नाही.